आपल्या हातचे खेळणे

खेळणे म्हणजे दुकानातून पैसे देऊन आणावयाची वस्तू, असा समज आज बहुतेक घरांत रूढ झाला आहे. वाढदिवस आला की खेळणे, जत्रेला गेले की खेळणे, पाहुणे आले की खेळणे. आणि तेही रंगीत वेष्टनात बांधलेले, कळ दाबताच आपोआप चालणारे! ज्या दिवशी ते घरी येते, त्या दिवशी त्याच्या कौतुकाला सीमा राहत नाही. चार दिवस लोटले की मात्र तेच खेळणे पलंगाखाली धूळ खात पडलेले दिसते. यात मुलाचा दोष फारसा नसतो. गाडी आपली आपण धावते, बाहुली आपली आपण गाते, आणि मुलाच्या वाट्याला कळ दाबण्यापलीकडे काही काम उरत नाही. खेळण्याने खेळावे आणि मुलाने पाहावे, असा उलटा प्रकार तेथे चालतो. मग कंटाळा आला, तर नवल कोणते?

त्याच घराच्या कोपऱ्यात रिकाम्या काडेपेट्या असतात, पुठ्ठ्याचे खोके असतात, बाटल्यांची झाकणे, तुटलेली बटणे, दोऱ्याची संपलेली रिळे, जुन्या कपड्यांच्या चिंध्या आणि सायकलची निकामी झालेली ट्यूब असते. मोठी माणसे या साऱ्याला अडगळ म्हणतात. पण ज्या मुलाला आपले हात वापरावयाचे आहेत, त्याच्या दृष्टीने तो कच्च्या मालाचा साठाच होय. पैसे मोजून आणलेले खेळणे घरात येते. पण ते कसे चालते हे न कळल्यामुळे ते शेवटपर्यंत परकेच राहते. जे खेळणे मुलाने स्वतः घडवले, ते मात्र सर्वार्थाने त्याचे होते. हातांनी केलेल्या खेळण्याचे खरे महत्त्व या आपलेपणात आहे. त्यामुळे पैसे वाचतात, ही गोष्ट त्यामानाने लहान आहे.

हाती असलेल्या वस्तूंतून खेळणी करण्याची कला माणसाला नवी नाही. सिंधू संस्कृतीच्या मोहेंजोदडो व हडप्पा या नगरांच्या अवशेषांत, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या लहान गाड्या, त्यांची चाके आणि पक्ष्यांच्या आकाराच्या शिट्ट्या सापडल्या आहेत. महाराष्ट्राच्या खेड्यांतही ही परंपरा पिढ्यान् पिढ्या चालत आली. ज्वारीची कापणी झाली की तिच्या धाटांची बैलगाडी तयार होई. आंब्याची रुजलेली कोय दगडावर घासली की तिची पुंगी वाजू लागे. कोकणात माडाच्या पातीची भिरभिरी वाऱ्यावर फिरत. फुटक्या कौलांचे तुकडे रचले की लगोरीचा डाव मांडला जाई, आणि मूठभर सागरगोट्यांवर मुलींची सारी दुपार सरून जाई. या खेळण्यांना किंमतीची चिठ्ठी नव्हती. प्रत्येक खेळण्यामागे कोणाची तरी युक्ती मात्र होती, आणि ती युक्ती थोरल्या भावंडाकडून धाकट्याकडे येत असे.

येथे कोणी म्हणेल, की शेजारच्या मुलाकडे झगमगती गाडी असताना काडेपेटीची गाडी घेऊन खेळावयास बसणे सोपे नाही. हे म्हणणे खरे आहे, आणि हे दुःखही फार जुने आहे. शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' या संस्कृत नाटकात ते मोठ्या हृद्य रीतीने आले आहे. गोविंद बल्लाळ देवल यांनी हेच नाटक मराठी रंगभूमीवर आणले. नाटकातील चारुदत्त हा एके काळचा श्रीमंत, पण दानशूरपणामुळे निर्धन झालेला गृहस्थ. त्याचा लहानगा मुलगा रोहसेन शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीशी खेळून आलेला असतो. ती गाडी परत गेल्यावर घरची दासी रदनिका त्याला मातीची गाडी करून देते. परंतु त्याचे रडे काही थांबत नाही. त्याला सोन्याचीच गाडी हवी असते. ते पाहून वसंतसेनेचे मन कळवळते. ती आपल्या अंगावरचे दागिने उतरवून त्या मातीच्या गाडीत भरते आणि यांची सोन्याची गाडी करून घे, असे त्या बाळाला सांगते.

वसंतसेनेच्या मायेविषयी दुमत होणार नाही. पण या प्रसंगातील एक बारीक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ती मातीची गाडी रोहसेनाने स्वतः केलेली नव्हती, दुसऱ्याने करून त्याच्या हाती दिलेली होती. म्हणून त्याच्यापुढे तुलना उरली ती केवळ मातीची आणि सोन्याची. आणि त्या तुलनेत माती हरणार हे उघडच आहे. त्याच बाळाने माती कालवली असती, चाक गोल होईना म्हणून ते तीनदा मोडून पुन्हा केले असते, दोन्ही चाकांत काडी ओवून गाडी पहिल्यांदा अंगणात ढकलली असती, तर कदाचित तो गाडी दाखवावयास शेजारी धावत गेला असता. पुढे त्याच दागिन्यांवरून चारुदत्तावर न्यायसभेत मोठे संकट ओढवते. आणि नाटकाला नाव मिळाले, ते सोन्याच्या गाडीचे नव्हे, मातीच्या गाडीचे!

स्वतः केलेल्या वस्तूने नेमके काय मिळते, हे एका साध्या चेंडूवरून समजून घेता येईल. जुन्या सुती कपड्यांच्या चिंध्या घट्ट गुंडाळून वर दोरा आवळला की चेंडू तयार होतो. पहिला चेंडू बहुधा एका अंगाला फुगतो आणि जमिनीवरून वाकडातिकडा पळतो. तो असा का पळतो, हे शोधताना चिंधी प्रत्येक फेऱ्याला थोडी फिरवून गुंडाळली पाहिजे, हे मुलाला उमगते. दुसरा चेंडू गोल होतो, पण तो उसळत नाही. मग सायकलच्या निकामी ट्यूबच्या बोटभर रुंदीच्या चकत्या कापून त्या चेंडूवर चहूबाजूंनी ताणून बसवाव्या लागतात. रबर दबते आणि पुन्हा पूर्ववत होते, त्या जोराने चेंडू वर येतो. आता या मुलाला गोलाकार, ताण आणि स्थितिस्थापकता हे शब्द पुस्तकात भेटले, तर ते अनोळखी वाटणार नाहीत. शिवाय हा चेंडू उसवला, तर त्याचे रडे होत नाही. ज्याने तो बांधला, त्याला तो पुन्हा बांधता येतो. मोडलेली वस्तू दुरुस्त करता येण्याचा हा विश्वास कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

बैठ्या खेळांचेही असेच आहे. 'चल्लस-आठ' हा जुना घरगुती खेळ मांडावयास जुन्या दिनदर्शिकेच्या एका पानाची कोरी पाठ पुरते. तिच्यावर उभी पाच आणि आडवी पाच अशी पंचवीस घरे आखावयाची, चारही बाजूंच्या मधल्या घरांवर व पटाच्या मध्यघरावर फुल्या मारावयाच्या, की पट सिद्ध झाला. सोंगट्या म्हणून बाटल्यांची झाकणे किंवा बटणे चालतात. दान टाकण्यासाठी कवड्या नसल्या, तर चार चिंचोके घेऊन ते खडबडीत दगडावर एका बाजूने घासावेत. तपकिरी साल जाऊन ती बाजू पांढरी दिसू लागते. जितक्या चिंचोक्यांची पांढरी बाजू वर येईल, तितके दान. चारही पांढरे पडले तर चल्लस, म्हणजे चार; आणि एकही पांढरा न पडला तर आठ. चल्लस किंवा आठ पडले की खेळणाऱ्याला आणखी एकदा दान टाकावयास मिळते.

या दोनच दानांना एवढा मान का, याचे उत्तर चिंचोक्यांतच दडलेले आहे. प्रत्येक चिंचोका दोन प्रकारांनी पडू शकतो. म्हणून चार चिंचोके मिळून सोळा प्रकारांनी पडू शकतात. त्या सोळांपैकी दोन पांढरे पडण्याचे प्रकार सहा आहेत. एक पांढरा पडण्याचे चार आणि तीन पांढरे पडण्याचेही चारच. चारही पांढरे पडण्याचा प्रकार मात्र एकच, आणि एकही पांढरा न पडण्याचाही एकच. जे क्वचित घडते त्याला मान मिळतो, हा व्यवहार या खेळाच्या नियमांत उतरला आहे. अर्थात, घासलेला चिंचोका दोन्ही बाजूंवर अगदी सारखाच पडेल, याची खात्री नसते. ती पाहावयाची असेल, तर शंभर वेळा दान टाकून वहीत खुणा कराव्या. एक चिंचोका सारखा पांढराच पडू लागला, तर तो बदलावा. ज्याने साधने स्वतः केली, त्यालाच अशी परीक्षा घेण्याचे सुचते. तयार फाशावर मात्र मनुष्य डोळे मिटून विश्वास ठेवतो.

टाकाऊ वस्तूंतील हे शिक्षण ओळखून त्याला आपले आयुष्य वाहणारी माणसेही आहेत. अरविंद गुप्ता हे त्यांतील एक ठळक नाव. १९७५ साली कानपूरच्या आयआयटीतून ते अभियंता होऊन बाहेर पडले आणि पुण्याच्या एका मोटार कारखान्यात काम करू लागले. मध्य प्रदेशातील होशंगाबाद भागात, खेड्यांतील मुलांनी स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकावे, असा एक उपक्रम १९७२ पासून चालू होता. १९७८ साली गुप्ता त्या उपक्रमात जाऊन राहिले. सायकलच्या व्हॉल्व्हमध्ये घालावयाच्या बारीक रबरी नळीचे तुकडे आणि काडेपेटीतील काड्या एकमेकांना जोडून नाना आकृती करता येतात, ही युक्ती त्यांना तेथे सापडली. पुढे पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेतील 'मुक्तांगण विज्ञान शोधिका' या मुलांच्या केंद्रात त्यांनी अनेक वर्षे काम केले आणि कचऱ्यातून शेकडो खेळणी करून दाखविली. २०१८ साली भारत सरकारने त्यांना 'पद्मश्री' देऊन गौरविले.

त्यांची काड्यांची ती युक्ती कोणालाही करून पाहता येते. काड्यांचे गूल आधी मोठ्या माणसाकडून खरवडून घ्यावे. नळीचा एक लहानसा तुकडा घेऊन त्याच्या दोन्ही टोकांतून एकेक काडी आत सारली की वाकणारा सांधा तयार होतो. असे चार सांधे आणि चार काड्या घेऊन चौकोन केला आणि त्याचा एक कोपरा दाबला, तर चौकोन कलतो आणि आडवा होतो. तीन काड्यांचा त्रिकोण केला, तर तो कितीही दाबला तरी आपला आकार सोडत नाही. चौकोनात कर्णाच्या लांबीची एक काडी बसवली, की त्याचे दोन त्रिकोण होतात आणि मग तोही ताठ उभा राहतो. रेल्वेच्या लोखंडी पुलांत, कौलारू घराच्या छपराच्या कैचीत, विजेच्या तारा वाहणाऱ्या उंच मनोऱ्यांत त्रिकोणच त्रिकोण का दिसतात, याचा उलगडा त्या चार काड्या करून देतात. हे ज्या मुलाने बोटांनी अनुभवले, ते मूल पुलावरून जाताना खिडकीतून नुसते पाहणार नाही. ते त्रिकोण मोजू लागेल.

महाराष्ट्रात या विचाराचा पाया त्याहूनही आधी घातला गेला होता. बालशिक्षणासाठी माँटेसोरी पद्धतीची साधने उत्तम खरी. पण ती महाग होती आणि खेड्यांतील बालवाड्यांना परवडणारी नव्हती. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे खेड्यांतील मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. १९५७ साली हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुलांमध्ये गेले. महागडी साधने नाहीत म्हणून त्या अडून बसल्या नाहीत. बिया, खडे, शिंपले, पाने, फुले आणि माती यांतूनच त्यांनी मुलांना मोजावयास, रंग ओळखावयास आणि लहानमोठे ठरवावयास शिकविले. गुरे राखणाऱ्या मुलांना शाळेत येता येईना, तेव्हा शाळाच कुरणावर गेली! साधन स्वस्त असले म्हणून शिक्षण हलके ठरत नाही, हे या दोघींनी आपल्या कामाने सिद्ध केले.

इतके असूनही या चांगल्या गोष्टीचे सोंग पुष्कळदा वठवले जाते. शाळेने टाकाऊतून टिकाऊ वस्तू करून आणावयास सांगितले, की काही घरांत वेगळीच धांदल उडते. बाजारातून नवा पुठ्ठा येतो, चकचकीत कागद येतो, टिकल्या आणि डिंकाच्या नव्या नळ्या येतात. आई-वडील रात्री जागून सुंदर वस्तू तयार करतात, आणि ज्याच्या हातांना काम मिळावे म्हणून हा सारा खटाटोप, तो विद्यार्थी शेजारच्या खोलीत शांत झोपलेला असतो! दुसऱ्या दिवशी त्या वस्तूला शाबासकी मिळते, चार दिवसांनी ती कचऱ्यात जाते, आणि घरात मूळचा कचरा होता त्यात नव्याची भर पडते. अशा सुबक वस्तूपेक्षा मुलाने स्वतः चिकटवलेली, एका चाकावर लंगडणारी गाडी अधिक मोलाची मानली पाहिजे. तीत त्याचा विचार आहे, त्याची चूक आहे, आणि ती सुधारण्याची संधीही आहे. म्हणून मोठ्यांनी येथे हात आखडता घ्यावा. कात्री चालविताना आणि भोक पाडताना त्यांनी जवळ असावे. फुटकी काच, गंजलेला पत्रा, औषधांच्या बाटल्या आणि वापरलेले विजेचे सेल यांपासून मुलांना दूर ठेवावे. एवढी काळजी घेऊन बाकीचे काम त्यांनी मुलांवर सोपवावे.

या मताविरुद्ध आणखी एक आक्षेप घेतला जातो, आणि तो अधिक गंभीर आहे. हाताने केलेल्या खेळण्यांची थोरवी गाणे म्हणजे, ज्यांना काही मिळत नाही त्यांना आहे त्यातच समाधान माना असे सांगण्यासारखे आहे, असे काहींना वाटते. तसे सांगण्यासाठी कोणी या विचाराचा उपयोग करील, तर तो अन्याय होईल. मुलांना मोकळे मैदान हवे, वाचावयास पुस्तके हवीत, खेळावयास चांगला फुटबॉल हवा. चिंध्यांचा चेंडू दाखवून मोठ्यांना ही जबाबदारी टाळता येणार नाही. विकत आणलेले प्रत्येक खेळणे वाईट असते, असेही नाही. बुद्धिबळाच्या तयार पटावर सारे आयुष्य खेळावे असा तो खेळ आहे. प्रश्न इतकाच आहे, की पैसे असोत वा नसोत, कोणत्याही मुलाला आपल्या हातांनी काही घडविण्याच्या आनंदापासून वंचित का ठेवावे? ज्याचे कपाट खेळण्यांनी भरलेले आहे, तोही या बाबतीत गरीब असू शकतो. म्हणून टाकाऊतून खेळणे करण्याची गरज दोघांनाही आहे.

त्याचप्रमाणे, एक खोका खेळण्यात वापरल्याने गावाचा कचरा नाहीसा होईल, असा भ्रमही कोणी बाळगू नये. कचऱ्याचा प्रश्न फार मोठा आहे. परंतु खोका फेकण्यापूर्वी यातून काय होऊ शकेल असा विचार करण्याची सवय ज्याला लहानपणी लागली, तो मोठेपणी वस्तू घेताना आणि टाकताना क्षणभर थांबतो. हे थांबणे पुढे फार उपयोगी पडते.

हातांनी खेळ घडविण्याचा सर्वांत मोठा सोहळा महाराष्ट्रातील मुले दरवर्षी दिवाळीत साजरा करतात. अंगणात किंवा चाळीच्या कोपऱ्यात दगड, विटा आणि जुनी गोणपाटे रचून त्यांवर चिखल लिंपला जातो, बुरूज उभे राहतात, अळीव पेरून डोंगर हिरवे केले जातात आणि मातीचे मावळे पहाऱ्यावर बसतात. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. त्यांतील अकरा महाराष्ट्रात आहेत. अंगणात किल्ला करणाऱ्या मुलांना या वारशाची ओळख वेगळ्या रीतीने होते. पाण्याचे टाके कोठे खोदावे, वाट सरळ नेली तर शत्रू सहज वर येईल का, दरवाजा बुरुजाआड का दडवावा, हे प्रश्न त्यांच्यापुढे कामच उभे करते. कोणी माती आणतो, कोणी पाणी. कोणाला कापडाचा तुकडा सापडतो, तर कोणाला आयती कल्पना सुचते. तेथे कोणाचे खेळणे महाग, हा प्रश्नच उरत नाही, कारण किल्ला सगळ्यांचा असतो.

तात्पर्य, खेळणे किती किंमतीचे आहे याला फारसे महत्त्व नाही. त्यात मुलाचे स्वतःचे किती आहे, याला महत्त्व आहे. आज जे हात काडेपेटीला चाके लावतात, तेच उद्या घर बांधतील, यंत्र दुरुस्त करतील, शेताला पाणी आणतील. मोडले तर पुन्हा जोडू, नसेल तर करून पाहू, हा धीर त्यांना ज्या वयात मिळावयाचा, ते हेच वय होय. तो धीर मिळविण्यासाठी लागणारे साहित्य जवळजवळ प्रत्येक घराच्या कोपऱ्यात पडलेले आहे. ते कचऱ्यात जाण्यापूर्वी मुलांच्या हाती पडावे, एवढेच पुरे आहे.